टाके निघाले म्हणजे मेंदू बरा झाला असं नाही

माझ्या मावसबहिणीचा मुलगा आठवीत असताना स्कूटरवरून मागच्या मागे पडला, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. काही दिवस बेशुद्ध, मग आयसीयू, मग वॉर्ड, आणि महिना-दीड महिन्यात घरी. चालतोय, बोलतोय, जेवतोय बघून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खरा त्रास सुरू झाला तो शाळेत गेल्यावर, आणि त्यावेळी आम्हाला कोणालाच कळलं नाही की हा त्या अपघाताचाच भाग आहे, म्हणून हे लिहितेय.

त्याच्या फाइलवर जीसीएस ७ लिहिलेलं होतं. म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली आणलेली मोजपट्टी. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ मार्क. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर.

मेंदू खरवसासारखा मऊ असतो. जोरात हिसका बसला की तो कवटीत नुसता आपटत नाही तर आतून पिळवटतो, आणि पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे तंतूंचं नुकसान सीटी स्कॅनवर बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे "सीटी नॉर्मल आहे" याचा अर्थ रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसलं नाही एवढाच घ्यायचा.

गंभीर केसमध्ये आयसीयूत जे चालतं ते मुख्यतः दुसरं नुकसान टाळण्यासाठी. कवटी बंद डबा आहे, मेंदू सुजला की आतला दाब वाढतो आणि रक्त वर पोचत नाही. म्हणून डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली, व्हेंटिलेटर, जास्त मिठाचं सलाइन, आणि दाब आवरेनाच तर कवटीचा तुकडा काही काळ काढून ठेवतात. मुलांचं शरीर थंड ठेवून मेंदू वाचवता येईल अशी फार आशा होती, पण २००८ मध्ये २२५ मुलांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे प्रत्येक जण म्हणतो, लहान आहे, लवकर भरून येईल. हे अगदीच खोटं नाही. १९३० च्या दशकात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं होतं की लहान वयात झालेली इजा मेंदू जास्त चांगली सावरतो, आणि एकाच ठिकाणच्या इजेत मुलांचा मेंदू खरंच दुसरीकडून वाट काढतो. पण सगळा मेंदू हादरलेला असेल तर उलट चित्र दिसतं, खूप लहान मुलांना जास्त त्रास राहतो, कारण जी कौशल्यं अजून यायचीच आहेत त्यांची जागा आधीच दुखावलेली असते. अजून खणायच्या विहिरीचा झराच बुजला तर ते आज कळत नाही, पाणी लागेल त्या वर्षी कळतं. नियोजन, लक्ष, रागावर ताबा हे सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून चौथ्या वर्षी पडलेलं मूल पहिली-दुसरीत छान असतं आणि सहावी-सातवीत अभ्यास स्वतःचा स्वतः आखायची वेळ आली की कोलमडतं, आणि तोवर तो अपघात सगळे विसरलेले असतात.

आमच्याकडे तेच झालं, फक्त लवकर. पोरगा दुपारपर्यंत थकून जायचा, फळ्यावरचं उतरवायला वेळ लागायचा, एकदम चिडायचा. शाळेतून निरोप आला की आळशी झालाय. ताई, म्हणजे माझी मावसबहीण, रोज त्याला ओरडायची आणि रात्री स्वतः रडायची. शेवटी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे लक्ष, स्मरण, विचार हे मेंदूचं काम तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून, टेस्ट केल्यावर समजलं की बुद्धी शाबूत आहे, विचारांचा वेग आणि कामापुरती लक्षात ठेवायची ताकद कमी झालीय. मग ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं परत जमावीत यासाठीचा सराव, सुरू झाली, पण क्लिनिकमधल्या खेळांपेक्षा घरात रोज तेच तेच खरं काम करून घेणं जास्त उपयोगी पडलं, दप्तर स्वतः भरणं, यादी करून वाण्याकडून सामान आणणं, कारण मेंदू जे वारंवार करतो त्याचीच वाट पक्की करतो. सुधारणा पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने होते, पण नंतर थांबते असं नाही.

सौम्य मार लागलेल्या मुलांबाबत एक जुनी चूक अजून चालू आहे, अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची. २०१५ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी एक-दोन दिवस घेतलेल्यांपेक्षा जास्त लक्षणं सांगितली. २०१९ मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंना त्रास वाढणार नाही इतपत हलका व्यायाम दिला तर ते साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसतं स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. म्हणजे एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू चालणं, थोडी शाळा. मैदानावर मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, कारण बऱ्या न झालेल्या मेंदूला दुसरा मार जिवावर बेतू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ मध्ये १३ वर्षांचा झॅकरी लिस्टेट अमेरिकन फुटबॉलमध्ये मार लागूनही परत खेळला आणि कायमचा अपंग झाला, २००९ मध्ये तिथे त्याच्या नावाने कायदा झाला.

आणि परत परत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, सुस्ती, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.

तो आता बारावीत आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो, दुपारी अर्धा तास झोपतो, आणि खिशात छोटी वही असते. ताई आता कुठेही निघाली की आधी त्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघते.