परवानाधारकांसाठी कंबर-पाउच: घेण्याआधी हे वाचा

पुण्याच्या रविवार पेठेतल्या आमच्या कारखान्यात बॅगा, पाकिटं, पट्टे असं सगळंच शिवलं जातं. त्यातलाच एक लहानसा भाग म्हणजे शस्त्रपरवाना असलेल्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेले कंबर-पाउच. सराफ, पेट्रोलपंपाचे मालक, बांधकाम व्यावसायिक, मुळशी-हवेलीकडचे जमीनवाले, अधूनमधून एखादे डॉक्टर असे लोक ते घेतात. येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न हमखास विचारतो. बाहेरून कळणार नाही ना? आणि पटकन निघेल ना? दोन्हींची उत्तरं पुढे दिली आहेत. पण तिसरा एक प्रश्न आम्हालाच विचारावा लागतो: दिवसभरात हा पाउच तुम्ही कमरेवरून किती वेळा काढून ठेवणार?

पाउचमधलं शस्त्र हरवतं, चोरीला जातं किंवा नको त्या हाती पडतं, ते बहुतेक वेळा पाउच अंगावर नसताना. हॉटेलात हात धुवायला गेलात आणि तो खुर्चीवर राहिला. जिममध्ये खुंटीला अडकवला. गाडीत सीटबेल्ट टोचतो म्हणून शेजारच्या सीटवर टाकला. मंदिरात चामडं चालत नाही म्हणून चपलांबरोबर बाहेर ठेवून टोकन घेतलं! म्हणून आमचं सांगणं सोपं आहे. जो पाउच सकाळी बांधल्यावर रात्रीपर्यंत काढावासा वाटत नाही तो घ्या. रंग, कप्पे, किंमत हे सगळं त्याच्यानंतर.

कायदा काय सांगतो

शस्त्र नियम, 2016 मध्ये सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कसं न्यायचं ते स्पष्ट लिहिलेलं आहे. ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या मापाच्या म्यानात) किंवा तशा धारकात, नाहीतर पाठीवरच्या बॅगेसारख्या धारकात असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर नीट ताबा असावा. ‘पूर्ण झाकलेलं’ आणि ‘ताबा’ हे दोन शब्द लक्षात ठेवले की कायद्याच्या बाजूने पाउच पारखायला दुसरं काही लागत नाही. अर्धवट उघडी चेन आणि त्यातून डोकावणारी मूठ पहिल्या अटीत नापास. खुर्चीच्या पाठीला लटकवलेला पाउच दुसऱ्या अटीत नापास, मग तो कितीही भारी असो. शर्ट किंचित वर करून लोकांना ‘दिसू देण्याची’ हौस काहींना असते. त्यांनी आमच्याकडे येऊ नये, त्यांच्या कामाचं इथे काही नाही.

पाउच विकत घ्यायला परवाना लागत नाही, तरीही आम्ही तो बघायला मागतो. राग मानू नये.

शस्त्र कोणतं, त्यावर माप

आपल्याकडे नागरी परवान्यावर बहुतेकांकडे .32 बोअरचं शस्त्र असतं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .32 रिव्हॉल्व्हर सगळ्यात जास्त दिसतं. कानपूरमधूनच 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे आणि वजनाला साधारण 500 ग्रॅम भरतं. 2023 साली आलेलं ‘प्रबल’ 700 ग्रॅमच्या आसपास जातं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘अशनी’ हे .32 चं पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हरला मधे काडतुसांच्या चक्राचा फुगवटा असतो, पिस्तूल चपटं असतं. त्यामुळे पिस्तुलासाठी बेतलेल्या पातळ पाउचमध्ये रिव्हॉल्व्हर कोंबलं की कापडावर बरोबर तो गोल उमटतो, आणि ज्याला कळायचं त्याला लांबूनच कळतं.

2019 च्या कायदादुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. दोन्हींसाठी एकच पाउच चालेल का, असं विचारलं जातं. बाहेरची पिशवी चालेल, आतलं होल्स्टर चालणार नाही. ते वेल्क्रोने बसणारं असतं, म्हणून प्रत्येक शस्त्रासाठी वेगळं घ्या आणि बदलताना घरी निवांत बसून बदला.

माप देण्यासाठी शस्त्र दुकानात आणू नका. नेहमीच्या मॉडेलच्या मापाचे लाकडी नमुने आम्ही ठेवले आहेत, त्यांच्यावर काम होतं. नमुना नसेल तर कागदावर बाह्यरेषा काढून लांबी, उंची आणि सर्वांत जाड जागेची जाडी लिहून आणा. रेषा काढण्याआधी शस्त्र रिकामं करा, चक्र किंवा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या.

आत काय हवं

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बाहेरून दिसत नाही. शस्त्राच्या कप्प्यात शस्त्राखेरीज काहीही नको. किल्ली, पेन, चार्जरची वायर, सुट्टे पैसे, काही म्हणजे काही नाही. चापाच्या कडीत किल्ली अडकली आणि वरून पाउच ओढला गेला तर पुढे काय होईल ते सांगायची गरज नाही. म्हणून आतलं होल्स्टर चाप आणि त्याची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकणारं आणि कडक हवं. आम्ही ते साच्यात घालून आकार दिलेल्या जाड प्लास्टिकचं करतो. नुसती इलॅस्टिकची पट्टी लावलेले पाउच बाजारात स्वस्तात मिळतात. ती पट्टी शस्त्र धरून ठेवते, पण चाप बाहेरून दाबला जाऊ शकतो. असला पाउच घेऊ नका, आमच्याकडून नाही आणि कुणाकडूनच नाही. उघड्या घोड्याच्या (मागे दिसणाऱ्या, काडतुसावर आपटणाऱ्या भागाच्या) रिव्हॉल्व्हरसाठी आतलं अस्तर गुळगुळीत हवं. जाळीच्या अस्तरात घोडा अडकतो.

दुसरी गोष्ट परवान्याच्या कप्प्याची. शस्त्र कायद्याच्या कलम 19 नुसार पोलीस परवाना दाखवायला सांगू शकतात. नाकाबंदीत परवाना काढायला तुम्ही शस्त्राचाच कप्पा उघडू लागलात तर समोरचा हवालदार सावध होणारच, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. म्हणून आमच्या प्रत्येक पाउचला मागच्या बाजूला परवान्यासाठी स्वतंत्र सपाट कप्पा असतो. अशा वेळी दोन्ही हात गाडीच्या हँडलवर ठेवा, परवाना आहे आणि शस्त्र सोबत आहे हे आधी तोंडाने सांगा, मग विचारून परवाना काढा. फोन आणि पैशांसाठी पुढे तिसरा कप्पा आहे. तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. दिवसातून वीस वेळा उघडायचा तो हाच, शस्त्राच्या चेनला हात लागायचं कारण उरू नये.

आता ‘पटकन निघेल ना?’ याचं उत्तर. निघेल. पण आम्ही सेकंदांवर माल विकत नाही. मोठ्या रनरची, एका हाताने ओढता येणारी चेन आणि उजव्या किंवा डाव्या हातानुसार तिची दिशा, एवढं आम्ही करून देतो. बाकीचं प्रशिक्षकाकडून शिकायचं. परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेव्हा बहुतेक होल्स्टरवरच शिकवतात. पाउच वेगळा असतो, म्हणून तिथल्या शिक्षकांना तो दाखवून पुन्हा विचारा. घरी आरशासमोर भरलेलं शस्त्र घेऊन सराव करू नका.

पट्टा, बकल, चेन

शस्त्र, काडतुसं, फोन आणि किल्ल्या मिळून वजन सहज किलोच्या आसपास जातं. 25 मिलिमीटरचा पट्टा हे वजन संध्याकाळपर्यंत पेलत नाही. तो कातड्यात रुततो, मग माणूस तो सैल करतो, पाउच खाली झुकतो, आणि शेवटी वैतागून काढून ठेवतो. म्हणजे पुन्हा तोच धोका. 38 मिलिमीटर हे आमचं किमान माप, जरा भारदस्त अंगाच्या माणसांसाठी 50. बकल दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून निघणारं असतं, ते गर्दीत मागून कुणीही काढू शकतो. म्हणून बकल पाठीवर येऊ देऊ नका, पुढे पाउचच्या कडेला असू द्या. पट्ट्याच्या आत स्टीलची बारीक तार घालून हवी असेल तर तीही घालतो. मंडईत, तुळशीबागेत किंवा भरलेल्या पीएमपीच्या बसमध्ये ब्लेडने पट्टा कापला जाऊ शकतो हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

कापड 1000 डेनियरचं (धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन. 500 चं हलकं आणि मऊ असतं, पण आतला आकार बाहेर दाखवतं. चामडं आमचा पिढीजात धंदा आहे, तरी या कामासाठी आम्ही ते सुचवत नाही. मंदिराची अडचण वर आलीच आहे. शिवाय चामडं ओल धरतं आणि त्यात ठेवलेल्या लोखंडावर गंज चढतो. जून ते सप्टेंबर पुण्यात हे फार लवकर होतं. नायलॉनचा पाउचही भिजला तर शस्त्र आधी बाहेर काढून पुसा, तेलाचा हात द्या, आणि पाउच उलटा करून पंख्याखाली वाळवा. घाम पाठीमागच्या जाळीतून आत येऊ नये म्हणून जाळीच्या आत रबरी थर आहे. त्याने थोडं गरम होतं. एप्रिल-मे मध्ये तक्रारी येतात, पण त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

कळू नये म्हणून काय करायचं

खाकी किंवा ठिपक्याठिपक्यांचा लष्करी रंग, बाहेर पट्ट्यांच्या ओळी, गरुडाचं किंवा कवटीचं चिन्ह, असा पाउच म्हणजे दारावर लावलेली पाटी. बघणाऱ्याला आत काय आहे ते वाचता येतं. पण उलट टोकही वाईट. काळा, फुगलेला, झिजलेला पाउच भाजीवाल्यांच्या आणि वसुलीच्या पोरांच्या कमरेला असतो, आणि त्यात रोकड असते हे चोराला पक्कं माहीत आहे. शस्त्र दिसू नये म्हणून पैशांचं सोंग घेणं शहाणपणाचं नाही. सिंहगडावर रविवारी सकाळी चढणाऱ्या मंडळींच्या कमरेला जे राखाडी, गडद निळे, साधे पाउच दिसतात, तसाच आम्ही शिवतो. त्यात पाण्याची छोटी बाटली, गोळ्या, रुमाल असेल असं वाटतं आणि कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

माणूस स्वतःच जास्त चाहूल देतो. सारखा हात लावून बघणं, खाली बसताना पाउच सावरणं, गर्दीत त्याच्यावर तळहात ठेवून चालणं. वजन बरोबर पेललेलं असेल तर ही सवय आठवड्याभरात जाते.

पाउच पोटावर, बेंबीच्या किंचित बाजूला बांधा. पाठीवर कधीच नको, तिथे तो दिसतही नाही आणि ताब्यातही राहत नाही. दुचाकीवर मोटारसायकलची टाकी पुढे टोचते, म्हणून लोक तो मागे सरकवतात. तसं करू नका. पडलात तर कणा आणि रस्ता यांच्या मधे लोखंड येतं. थोडा कडेला, खिशाच्या रेषेवर घ्या. आम्ही नमुना आत घालून तुम्हाला दुकानाबाहेर तुमच्याच गाडीवर बसायला सांगतो. हसू येतं लोकांना, पण पाउच परत करायला येणारे त्यामुळे कमी झाले. चारचाकीत सीटबेल्टचा खालचा पट्टा पाउचच्या खालून, मांड्यांच्या वरून जाऊ द्या.

साडीवर कंबर-पाउच चांगला बसत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. पंजाबी ड्रेसवर, वरून जॅकेट असेल तर चालतो. साडी नेसणाऱ्या ग्राहक भगिनींना आम्ही अंगावर तिरका घालायचा, जाड पट्ट्याचा, आत तेच कडक होल्स्टर असलेला प्रकार दाखवतो. हातातली पर्स मात्र नको.

कुठे नेऊ नये

मेट्रो, न्यायालय, मतदान केंद्र इथे शस्त्र चालत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, सणासुदीला तर हमखास. तेव्हा आपल्या ठाण्यात विचारून घ्या. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर जमा करा आणि पावती परवान्याच्या कप्प्यात ठेवा. लग्नाच्या वरातीत पाउच घरीच बरा. आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

लोहगावहून विमानाने जाणार असाल तर हा पाउच प्रवासाची बॅग म्हणून कधीच वापरू नका, अगदी रिकामा असला तरी. कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की विमान जातं आणि आपण चौकशीच्या टेबलाशी बसतो. शस्त्र खरोखरच न्यायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवून, रिकामं करून, चेक-इन सामानातूनच.

तुमच्या अपरोक्ष पाउच कुणाला सांभाळायला देऊ नका. मित्र नको, ड्रायव्हर नको, घरचे नकोत. परवाना तुमच्या नावावर आहे. घरी आल्यावर तो दारामागच्या खुंटीवर अडकवू नका. शस्त्र काढून, रिकामं करून तिजोरीत, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. पाउचच्या चेनला आम्ही छोटं कुलूप देतो, पण ते चार वर्षांच्या नातवासाठी आहे, चौदा वर्षांच्या नव्हे. शस्त्र हरवलं तर त्याच क्षणी पोलिसांना कळवा, आधी घरभर शोधू आणि मग बघू असं करू नका.

दुरुस्ती

शिलाई, पट्टा आणि बकल यांची दुरुस्ती आम्ही करतो, पहिल्या वर्षात मोफत. वेल्क्रो झिजला की होल्स्टर आत फिरतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर एकदा दाखवून जा. दुरुस्तीला देताना सगळे कप्पे उलटे करून, झटकून, रिकामा पाउच आणा. आत काडतूस सापडलं तर ते ड्रॉवरमध्ये ठेवून तुम्हाला फोन करण्याची मुभा आम्हाला नाही. पोलीस चौकीला कळवावं लागेल, आणि आम्ही कळवू.