जनुक पाठवण्याआधी: परक्या जनुकापासून जिवाणूत प्रथिन कसं बनतं

जिवाणूंकडून प्रथिनं बनवून देणाऱ्या आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत भोसरीहून तपासणी किट बनवणारे उद्योजक येतात, तसे पीएचडी करणारे विद्यार्थीही येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ‘माणसाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलं, की प्रथिन मिळेल ना?’

जनुकाची लिपी जिवाणूला वाचता येते, हे खरं. कोणत्या कोडॉनला (जनुकातल्या तीन अक्षरी शब्दाला) कोणतं अमिनो आम्ल, हे माणसात आणि जिवाणूत सारखंच ठरलेलं आहे. म्हणून तर १९७८ साली अमेरिकेत ई. कोलायकडून मानवी इन्सुलिन बनवून घेता आलं आणि १९८२ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पण जनुक वाचलं गेलं म्हणजे प्रथिन कामाचं निघेलच असं नाही.

जनुक थेट जिनोममधून उचललं असेल तर थांबा. त्यातले इंट्रॉन (प्रथिनाचा मजकूर नसलेले मधले तुकडे) कापून काढायची सोय ई. कोलायकडे नाही, सीडीएनए (इंट्रॉन गेलेल्या आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) किंवा सिंथेटिक जनुक हवं. माणसाचा प्रोमोटरही (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं तो डीएनएचा भाग) तो ओळखत नाही. आम्ही बहुतेक वेळा टी७ या विषाणूच्या प्रोमोटरचं प्लास्मिड (जनुक पेशीत नेणारं गोल डीएनए) आणि ई. कोलायचा बीएल२१ (डीई३) हा स्ट्रेन (वाण) वापरतो.

कोडॉनचीही एक अडचण असते. आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन माणसात नेहमीचे, ई. कोलायमध्ये दुर्मीळ. ते लागोपाठ आले की रायबोसोम (पेशीतलं प्रथिन जुळवणारं यंत्र) अडखळतो, कधी प्रथिन अर्धवटच सुटतं. जनुक सिंथेसिसला देणार असाल तर कोडॉन आधीच बदलून घ्या. क्लोन (जनुक घातलेलं प्लास्मिड) तयार असेल तर जादा टीआरएनए (कोडॉनप्रमाणे अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) असलेला स्ट्रेन वापरून पाहू.

सगळ्यात जास्त कामं अडतात ती प्रथिनाच्या घडीपाशी. ३७ अंशांना इंडक्शन (जनुक चालू करायचा इशारा) दिलं की प्रथिन भराभर बनतं, घडी नीट पडत नाही आणि त्याचे गोळे होतात. यांनाच इन्क्लूजन बॉडीज म्हणतात. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर ट्यूबच्या तळाशी खडूसारखा पांढरा थर बसतो. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पेलेटच्या (तळाच्या थराच्या) लेनमध्ये जाडजूड बँड दिसतो, आणि सुपरनेटंटच्या (वरच्या द्रवाच्या) लेनमध्ये त्या जागी जवळजवळ काहीच नसतं. म्हणून ओडी (जिवाणू किती वाढले ते दाखवणारा गढूळपणा) ०.६ च्या आसपास आली की आम्ही फ्लास्क गार करतो, इंडक्शनसाठी थोडंच आयपीटीजी हे रसायन घालतो आणि रात्रभर १८ अंशांना शेकरवर ठेवतो. त्यासाठी कूलिंगचा शेकर लागतो. साधा शेकर फक्त तापवतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो १८ वर येणार कुठून? थंडीत जमलेलं प्रथिन उन्हाळ्यात का बिघडलं, असं कुणी विचारलं की आम्ही आधी शेकर कोणता होता ते विचारतो.

प्रथिनावर माणसातल्यासारख्या साखरेच्या साखळ्या हव्या असतील तर साधा ई. कोलाय ते करणार नाही. डायसल्फाइड बंध (प्रथिनातले गंधकाचे दुवे) पुष्कळ असतील तरीही काम अवघड होतं. माणसातल्यासारख्या साखळ्यांसाठी सस्तन प्राण्यांच्या पेशी बऱ्या, नुसत्या बंधांची अडचण असेल तर यीस्टही चालतं. हिपॅटायटिस बीच्या लसीतलं प्रथिन यीस्टमध्येच बनवतात. यीस्टमधलं किंवा सस्तन पेशींतलं काम आम्ही करत नाही, आणि हे पैसे घेण्याआधीच सांगतो.

म्हणून प्रथिन कशासाठी हवं ते आम्हाला आधी कळवा. प्राण्याला टोचून अँटिबॉडी तयार करायला इन्क्लूजन बॉडीतलं प्रथिनही बऱ्याचदा चालतं, मग १८ अंशांचा खटाटोप कशाला? एन्झाइम म्हणून वापरायचं असेल तर मात्र विरघळलेलं, नीट घडीचंच हवं.

प्लास्मिड फिल्टर पेपरवर वाळवून साध्या पाकिटात पाठवलं तरी चालतं, बर्फ लागत नाही. सोबत सिक्वेन्सिंगचा निकाल आणि तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचं पत्र जोडा. त्या पत्राशिवाय आम्ही काम हाती घेत नाही.