पाण्याला बिचकणारे मेम्ब्रेन

गोदावरीला गढूळ पूर आला की त्या पाण्यावर चालणारा यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) फिल्टर, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) पाणी गाळणारा फिल्टर, लवकरच धापा टाकू लागतो. आपण मातीला नावे ठेवतो. पण यूएफची छिद्रे साधारण 0.01 ते 0.1 मायक्रॉनची, मातीचे बहुतेक कण वरच अडतात आणि उलट्या धारेने निघूनही जातात. चिवट असतो तो कुजलेल्या पाल्याचा अर्क आणि जिवाणूंचा चिकटा. अळूच्या पानावर थेंब गोळा होऊन घरंगळतो, तसेच हे मेम्ब्रेन ज्याचे अनेकदा बनते ते पॉलिइथरसल्फोन हे प्लास्टिकही पाण्याला थोडे बिचकते. पाणी दूर राहिले की चिकट्याला जागा मिळते. त्यामुळे छिद्रे मोठी करून फारसे साधत नाही, प्लास्टिकला पाण्याची गोडी लावावी लागते.

त्यासाठी मेम्ब्रेन बनवायच्या मिश्रणातच पीव्हीपी हे पाण्याची ओढ असलेले पॉलिमर घालतात. प्रयोगशाळेतले एक नेहमीचे माप: 80 ग्रॅम एनएमपी (प्लास्टिक विरघळवणारा द्रव), 16 ग्रॅम वाळवलेले पॉलिइथरसल्फोन, 4 ग्रॅम पीव्हीपी. 60 अंशांवर रात्रभर ढवळायचे आणि बुडबुडे पूर्ण जाईपर्यंत झाकून ठेवायचे. राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढे एक भोक. मग काचेवर 200 मायक्रॉन फटीच्या पात्याने एका दमात ओढायचे आणि काच पाण्यात बुडवायची. काही सेकंदांत पारदर्शक थर दुधाळ होतो, नंतर काचेवरून आपोआप सुटतो. एनएमपी पाण्यात गेले, पाणी थरात शिरले, प्लास्टिक जाळी होऊन थिजले. (एनएमपी गर्भाला घातक आहे, हातमोजे हवेतच, आणि ते पाणी मोरीत ओतू नये.)

नाशिकच्या श्रावणात एक खोड निघते. हवा दमट असल्याने काच बुडवण्याआधीच थर ढगाळतो आणि छिद्रांचा मेळ बिघडतो. तेव्हा एकतर खोली कोरडी ठेवावी, नाहीतर हात चपळ हवा. तयार मेम्ब्रेन कोरडे पडू देऊ नये, छिद्रे मिटतात. साठवायचेच तर आधी ग्लिसरीनच्या पाण्यात भिजवावे.

पाण्याची गोडी वाढवायला टायटॅनियम डायऑक्साइडची पूडही घालतात. ती थोडी असेल तर उपयोगी. जास्त झाली की गुठळ्या होतात आणि तिथेच जाळी फाटते.

कस लागतो धुतल्यावर. समजा ताशी चौरस मीटरला 200 लिटर पाझर होता, चोक होऊन 60 वर आला आणि धुतल्यावर 160 झाला, तर 80 टक्के वसुली. मात्र वरचेवर हायपोक्लोराइटने (ब्लीचने) धुतले तर पीव्हीपीच तुटून वाहून जाते, आणि मेम्ब्रेन पुन्हा पाण्याला बिचकू लागते.