काळी पडलेली एक पिन

कारखान्याला आग लागल्याच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे’ हे वाक्य ठरलेले असते. वास्तविक दोन तारा थेट भिडून खरोखर शॉर्ट सर्किट झाले, तर प्रवाह एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि योग्य क्षमतेचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, डोळ्याचे पाते लवायच्या आत तो तोडतो. जो दोष एमसीबीला कळतच नाही, तो म्हणजे सैल जोडणी. तिच्यातून प्रवाह जास्त वाहत नाही, उलट किंचित कमीच वाहतो. त्यामुळे संरक्षक साधनाच्या दृष्टीने सारे काही आलबेल असते.

माझ्या टेबलावर एका कारखान्यातून आणलेला लाल रंगाचा पाच पिनांचा प्लग आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार लाल रंग थ्री-फेज 400 व्होल्टसाठी, निळा 230 साठी आणि पिवळा 110 साठी असतो. हा प्लग 32 अँपिअरचा आहे. त्याच्या दोन फेज पिना अजूनही पितळेसारख्या पिवळ्या आहेत. तिसरी मात्र काळी पडली आहे आणि तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक फुगून तडकले आहे. तिन्ही पिनांमधून वर्षानुवर्षे जवळपास सारखाच प्रवाह वाहिला. मग एकच पिन का जळाली?

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सह्याद्रीच्या डोंगररांगांसारखे असतात. एक रांग दुसऱ्या रांगेवर पालथी घातली, तर फक्त काही शिखरेच एकमेकांना टेकतील. प्लगची पिन आणि सॉकेटमधली स्प्रिंग यांचा स्पर्शही असाच मोजक्या ठिपक्यांपुरता असतो. या ठिपक्यांचे एकूण क्षेत्रफळ पिनेच्या जाडीवर नव्हे, तर स्प्रिंगचा दाब भागिले धातूचा कठीणपणा एवढ्यावर ठरते. तांब्याच्या दोन पृष्ठभागांवर एक किलो वजनाइतका दाब असेल, तर खरा स्पर्श साधारण एक शतांश चौरस मिलिमीटर इतकाच होतो. सगळा प्रवाह एवढ्याशा फटीतून दाटीवाटीने जातो आणि तिथेच रोध निर्माण होतो.

आता हिशेब करू. चांगल्या जोडणीचा रोध एक मिलिओहम धरला, तर 32 अँपिअरला 32 × 32 × 0.001, म्हणजे सुमारे एक वॅट उष्णता निर्माण होते. स्प्रिंग ढिली पडून रोध दहापट झाला की तीच उष्णता दहा वॅटवर जाते, आणि तीही बंदिस्त प्लॅस्टिकच्या पोटात. तापल्याने स्प्रिंगचा ताण आणखी उतरतो, पृष्ठभागावर ऑक्साइड वाढते, रोध वाढतो आणि पुन्हा उष्णता वाढते.

या विषयातील माझा सर्वांत आवडता भाग यापुढचा आहे. विद्युत्-स्पर्शांच्या अभ्यासाचा पाया घालणारे रॅग्नर होल्म यांनी विस्ताराने मांडलेल्या सिद्धांतानुसार, ठिपक्याचे कमाल तापमान त्याच्या आकारावर अवलंबून नसून केवळ त्या स्पर्शाच्या दोन बाजूंमधील व्होल्टेजवर ठरते. धातूत विद्युत्भार आणि उष्णता या दोन्हींची वाहतूक तेच इलेक्ट्रॉन करतात. त्यामुळे दोन वाहकतांचे गुणोत्तर ठरावीक राहते आणि समीकरणातून भूमिती गळून पडते. तांब्याच्या बाबतीत हे व्होल्टेज 0.12 झाले की ठिपका मऊ पडू लागतो आणि 0.43 च्या आसपास तो वितळतो. आपल्या दहा मिलिओहमच्या जोडणीवर 32 अँपिअरला 0.32 व्होल्ट पडतात. चारशे व्होल्टच्या यंत्राला एवढी तूट जाणवतही नाही, पण पिनेवरचा तो ठिपका मऊ पडण्याची पायरी कधीच ओलांडून गेलेला असतो.

सॉकेट बसवताना घ्यायच्या काळजीमागे बहुतेक ठिकाणी हेच कारण आहे. मल्टीस्ट्रँड केबलचे बारीक पदर थेट स्क्रूखाली दाबले, तर काही पदर तुटतात आणि काही बाजूला सरकतात. म्हणून टोकाला थिंबल, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवून ते क्रिंप करावे, म्हणजे पकडीने घट्ट दाबावे लागते. पदर एकत्र राहावेत म्हणून त्यांना सोल्डरचा डाग देण्याची सवय अनेकांना असते, पण सोल्डर सततच्या दाबाखाली हळूहळू पसरते आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. स्क्रू ‘हाताला लागेल तेवढा’ न आवळता उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने, आवळावा. यंत्र चालू असताना प्लग ओढून काढला तर ठिणगीने पिनेवर खड्डे पडतात आणि टेकणारी शिखरे आणखी कमी होतात. इंटरलॉक असलेल्या सॉकेटमध्ये आधी स्विच बंद केल्याशिवाय प्लग निघतच नाही, तो याचसाठी.

इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात यात कापसाच्या तंतूंची भर पडते. सॉकेटच्या झाकणावर साचलेला तो थर आतली उष्णता बाहेर पडू देत नाही आणि स्वतः चटकन पेटतो.

तपासणीसाठी आता थर्मल कॅमेरे मिळतात. ते उपयुक्त आहेत, पण विक्रेते सांगतात तितके सर्वज्ञ नाहीत. यंत्र अर्ध्या भारावर चालत असेल तर उष्णता चौथाई होते आणि दोष लपतो; शिवाय चकचकीत धातू उष्णतेची किरणे फारच कमी सोडत असल्याने तो प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा थंड दिसतो. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा तिन्ही फेजांची आपसांत तुलना करावी.

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रे बंद ठेवून त्यांची पूजा होते. पॅनेलवर हळदकुंकू वाहून पाणी शिंपडल्याने किंवा सॉकेटवर लिंबू-मिरची टांगल्याने ठिपक्यांचे क्षेत्रफळ वाढत नाही. ओलाव्याने गंज मात्र वाढतो. तरी वर्षातून एकदा सगळा कारखाना हमखास बंद असतो, ही सोय मोठी आहे. त्या दिवशी मुख्य स्विच कुलूपबंद करून आणि वीज नसल्याची टेस्टरने खात्री करून सॉकेटची झाकणे उघडता येतात.

माझ्याकडचा प्लग ज्या सॉकेटमध्ये होता, ते वर्षभरात दोनदा बदलले होते, असे तिथल्या वायरमनने सांगितले. तिसऱ्यांदा जळाल्यावर त्याने प्लग उघडून पाहिला. दोन्ही वेळा नवे सॉकेट बसवले गेले आणि त्यात हीच काळी पिन पुन्हा खोचली गेली होती.