आजार की कर्ज? हा प्रश्नच चुकीचा आहे

निफाडकडे कुणी आत्महत्या केलेल्या घरी दारावर गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "डोक्यावर परिणाम झाला होता, नाहीतर असं कोण करतं?" आणि "कर्जापायी गेला हो, आजार कसला!" दोन्ही अर्धवट आहेत.

नैराश्य, दारूचं व्यसन यांनी धोका वाढतो, हे खरंच. पण नैराश्य असलेली बहुतेक माणसं आत्महत्या करत नाहीत. आणि पैशाची तंगीही दुर्लक्षून चालत नाही: २०२२ च्या सरकारी नोंदीत देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवरच्या माणसांच्या होत्या.

जवळून बघा. व्यापारी द्राक्षाचे पैसे बुडवून पसार होतो, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची नोटीस येते. झोप उडते, दारू वाढते, बोलणं तुटतं. मग बँकेत जाऊन मुदत मागायचीही उमेद राहत नाही. यातलं कर्ज कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला? अशा माणसाला औषधोपचारही लागतात आणि मुदतही.

आत्महत्येबद्दल विचारल्यानं मनात तो विचार पेरला जातो, हाही गैरसमजच. कळकळीनं सांगते, सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, मोफत.