मेंदूला खो-खो आठवतो, पोटरीला नाही

शाळेतल्या जुन्या मैत्रिणी जमलो होतो, कुणीतरी म्हणालं चला एक डाव होऊन जाऊ दे. मी ४७ची, शेवटचा डाव खेळले त्याला २४ वर्षं झालेली. मधल्या पाटीवर उकिडवी बसले, पाठीवर थाप पडली, "खो" ऐकलं आणि पाय आपोआप उठले, पहिल्या खांबापर्यंत तर वाटलं की मधली वर्षं झालीच नाहीत. दुसऱ्या वळणावर पोटरीत मागून कुणीतरी दगड मारला. वळून बघितलं तर कुणीच नव्हतं. (पोटरीचा स्नायू फाटलेले बरेच लोक अगदी हेच सांगतात.)

मग सहा आठवडे घरी बसून वाचायला भरपूर वेळ मिळाला. डॉक्टर म्हणाले होते "आता कशाला या वयात", त्याचा राग होताच, पण खरा प्रश्न वेगळा होता. हुलकावणी कशी द्यायची ते शरीराला जसंच्या तसं आठवतंय, मग पोटरीनेच का दगा दिला?

तर गोष्ट अशी आहे की आपण "फिटनेस गेला, फिटनेस आला" असं एकत्र बोलतो, पण शरीराचे भाग काही एका गाडीने परत येत नाहीत. हालचालीची आठवण असते मेंदूत, लहान मेंदूचा त्यात मोठा वाटा, ती सायकल चालवण्यासारखी, सहसा जात नाही. स्नायूंनाही थोडी आठवण असते. ऑस्लो विद्यापीठात २०१० साली उंदरांवर दिसलं की स्नायू वाढताना त्याच्या पेशीत जी जादा केंद्रकं येतात ती स्नायू सुकल्यावरही बराच काळ टिकतात. माणसांवरचा २०१८चा एक प्रयोग सांगतो की व्यायामाच्या खुणा डीएनएवर राहतात, सात आठवडे व्यायाम, सात सुट्टी, परत सात. त्या प्रयोगात आठ जण होते आणि आठही पुरुष, आता यावर मी काय बोलू.

आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी? इथे मला वाचता वाचता थांबावं लागलं. १९५५ ते १९६३ या काळात अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन खूप वाढला आणि नंतर कमी होत गेला, त्यामुळे शरीरातला एखादा भाग कधी बनला याची तारीखच त्यात उमटते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली टाचेमागच्या टेंडनचं असं वय काढलं तर कळलं की त्याचा गाभा साधारण १७व्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे मी ज्या दोरीवर शाळेत धावले तीच दोरी आजही टाचेत आहे! फक्त २४ वर्षं तिच्यावर ताण नाही, त्यामुळे तिचा कडकपणा गेलेला. स्नायूला ताकद यायला काही आठवडे पुरतात, टेंडनला महिने लागतात, आणि माझ्यासारख्या उत्साही बायका नेमक्या या मधल्या फटीत पडतात.

त्यात पेरिमेनोपॉज. पाळी कायमची थांबायच्या आधीची ही काही वर्षं, आणि सलग १२ महिने पाळी आली नाही की मग मेनोपॉज म्हणायचं. आपल्याला वाटतं हार्मोन हळूहळू उतरत जातात, पण प्रोजेस्टेरॉन आधी कमी पडतं आणि इस्ट्रोजेन झोक्यासारखं वरखाली होतं, एखाद्या महिन्यात तर पंचविशीपेक्षाही जास्त. स्नायू, हाडं, टेंडन सगळीकडे इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा आहेत, त्यामुळे हा झोका फक्त गर्भाशयापुरता राहत नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून हात नीट न हलणं, चाळिशी ते साठीच्या बायकांतच जास्त दिसतो. रात्री घामाने जाग आली की झोप मोडते आणि शरीराची दुरुस्ती मुख्यतः झोपेत होते. मला स्वतःला दोन सरावांमधे आता दोन दिवस लागतात, एक दिवस कमी केला की तिसऱ्या दिवशी चिडचिड आणि टाच दोन्ही सुरू.

दम लागायचा त्याचं खापर मी वयावर फोडत होते. पण या काळात पाळी कधी दोन महिने गायब तर कधी पूर आल्यासारखी, आणि त्यातून लोह जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र तळाला, कारण आधी गोदाम रिकामं होतं आणि मग दुकान. नुसतं हिमोग्लोबिन बघून "सगळं नॉर्मल" म्हणणाऱ्यांवर विसंबू नका, आणि जेवणाला लागून चहा बंद करा, त्यातले टॅनिन लोह शोषू देत नाहीत. (हे मला सगळ्यात जड गेलं.) रक्तस्राव फारच जास्त असेल तर मात्र नुसत्या गोळ्या खात बसू नका, गायनॅककडे जा.

हाडांच्या बाबतीत खो-खो खरंतर भारी आहे. हाडाला एकाच दिशेची लांब दौड फारशी सांगत नाही, त्याला अचानक, वाकड्यातिकड्या दिशेने बसलेले धक्के समजतात, म्हणजे उठणं, वळणं, थांबणं. आणि वेळही हीच, कारण अमेरिकेत बायकांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला त्यात दिसलं की शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत हाड सगळ्यात झपाट्याने घटतं. ऑस्ट्रेलियात हाडं आधीच विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या १०१ बायकांवर प्रयोग झाला, एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं आणि उड्या, आठ महिने. त्यांच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. फक्त तिथे शिकवणारा माणूस शेजारी उभा होता, रील बघून डेडलिफ्ट करू नका.

एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. उकिडवं बसून झटक्यात उठताना लघवीचे थेंब जातात. सरावाला येणाऱ्या आमच्या आठ जणींत पाच जणींना, आणि पाचही जणींना वाटत होतं आपल्यालाच. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा यावरचा पहिला उपाय आहे आणि फिजिओकडून नीट शिकला तर फरक पडतो, आम्ही तर सरावाआधी तोच करतो आणि हसतो.

पोटरीसाठी मी पायरीच्या कडेवर उभी राहते आणि टाच सावकाश खाली सोडते. स्वीडनच्या आल्फ्रेडसन नावाच्या हाडांच्या डॉक्टरने १९९८ साली हा १२ आठवड्यांचा कार्यक्रम मांडला. किस्सा असा सांगतात की त्याची स्वतःची टाच दुखायची, वरिष्ठ ऑपरेशन करेनात, म्हणून टेंडन तुटावंच अशा इराद्याने तो हे करत राहिला आणि दुखणंच गेलं.

आता पाचवा महिना. एका रेषेत धावणं झालं, मग वळणं, मग उकिडवं बसून उठणं, वेग सगळ्यात शेवटी. जानेवारी २०२५ मधे दिल्लीत आपल्या मुलींनी प्रियंका इंगळेच्या कप्तानीखाली पहिला खो-खो वर्ल्ड कप जिंकला, त्यातले सूर बघून हात शिवशिवतात, पण फिजिओ अजून नाही म्हणतोय. गुरुवारी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी धावणं, पूर्ण केली, दोनदा.