फोन गेला म्हणजे क्रिप्टो गेलं का?

‘वॉलेट असलेला फोन फुटला किंवा हरवला, की त्यातली नाणी कायमची गेली’ हा समज बराच जुना आहे. ‘वॉलेट’ म्हटल्यावर पैसे आत असतील असं वाटणं साहजिकच. पण नाणी फोनमध्ये नसतातच. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक वहीत असते. फोन बंद करून आपल्या वॉलेटचा पत्ता एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररवर (या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) टाका, शिल्लक तशीच दिसेल.

फोनमध्ये असते ती खासगी की, म्हणजे नाणी खर्च करायची गुप्त किल्ली, आणि ती सीडमधून, म्हणजे वॉलेटने दिलेल्या शब्दांच्या मालिकेतून पुन्हा तयार होते. बहुतेक वॉलेट २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द देतात. तेच शब्द, त्याच क्रमाने नव्या वॉलेटमध्ये भरले की त्याच की मिळतात.

तरी शिल्लक शून्य दिसली तर घाबरू नका. बहुधा डेरिव्हेशन पाथ (सीडमधून की काढायचा मार्ग) वेगळा असतो, किंवा जादाचा पासफ्रेज (सीडला जोडून आपण ठेवलेला गुप्त शब्द) टाकायचा राहिलेला असतो. पासफ्रेज चुकला तर वॉलेट चूक दाखवत नाही, मुकाट्याने दुसरंच रिकामं खातं उघडतं! (इथेच पुष्कळजण हताश होतात.)

खात्री करायची तर नव्या वॉलेटवर किरकोळ रक्कम ठेवा, पत्ता टिपून घ्या, वॉलेट पुसून सीडवरून परत उभारा. पत्ता जुळायला हवा. सीड मात्र कुठल्याही ‘रिकव्हरी’ संकेतस्थळावर भरू नका.